वकिलाचा सल्ला कधी घ्यावा आणि का घ्यावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न तालुक्याच्या कोर्टात, कायदेविषयक शिबिरांत आणि फोनवर आम्हा वकिलांना पुन्हा पुन्हा विचारले जातात. उत्तरं महाराष्ट्रातल्या रोजच्या व्यवहाराला धरून दिली आहेत. आमच्याकडे येणारे बहुतेक लोक सही करून झाल्यावर येतात, आणि वकिलाचा खरा उपयोग सही करण्याआधी असतो. म्हणूनच हे सगळं लिहायला घेतलं. तुमच्या प्रकरणाचं अंतिम उत्तर मात्र तुमचे कागद पाहिल्याशिवाय कोणीही देऊ शकत नाही.

अजून कोर्टकचेरी काहीच नाही. मग वकिलाकडे कशाला जायचं?

कारण कोर्टात जे चालतं ते आधीच लिहून झालेल्या कागदांवर चालतं. साठेखतात, म्हणजे पुढे खरेदी करून देण्याच्या करारात, उरलेली रक्कम कधी द्यायची याची तारीख नाही. खरेदीखतात चतुःसीमा चुकीची पडली आहे. मित्राला दोन लाख रोख दिले आणि साधी चिठ्ठीही घेतली नाही. अशा वेळी भांडण उभं राहिल्यावर वकील फार तर असलेल्या पुराव्यावर लढतो, नसलेला पुरावा त्याला आणता येत नाही. तेच तुम्ही आधी आला असता तर थोड्या वेळात सांगता आलं असतं: पैसे बँकेतून द्या, पावती घ्या, ही ओळ काढा, ती घाला.

दुसरं कारण मुदत. १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे उसन्या पैशांच्या वसुलीचा दावा साधारणपणे तीन वर्षांत लावावा लागतो. साठेखताप्रमाणे खरेदीखत करून द्या, हा दावाही ठरलेल्या तारखेपासून तीन वर्षांत, आणि तारीख ठरलेली नसेल तर समोरच्याने नकार दिल्याचं कळल्यापासून तीन वर्षांत. समोरचा माणूस नात्यातला असतो, ‘दिवाळीनंतर देतो’, ‘ऊस गेला की देतो’ म्हणतो, आणि आपण भिडेपोटी गप्प बसतो. अशा तोंडी शब्दाने मुदत वाढत नाही. मुदत संपायच्या आत त्याने लेखी सहीनिशी कबुली दिली तर नवी मुदत सुरू होते. ही कबुली कशी लिहून घ्यायची, एवढं विचारायला वकिलाकडे गेलात तरी पुष्कळ काम होतं.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. वकिलाकडे गेलं की भांडण वाढत नाही का?

सल्ला घेणं म्हणजे दावा लावणं नव्हे. कितीतरी प्रकरणं एका पत्रावर, एका नोंदणीकृत दस्तावर किंवा दोन्ही बाजूंच्या वकिलांच्या एका बैठकीत मिटतात. कधी वकील सरळ सांगतो, ‘यात दम नाही, पैसे घालवू नका.’ असं सांगणाऱ्या वकिलाला फी आनंदाने द्या, कारण पुढची काही वर्षं आणि तारखा त्याने वाचवलेल्या असतात.

जमीन किंवा फ्लॅट घेताना वकील नेमका कोणत्या टप्प्यावर लागतो?

इसार देण्याच्या आधी. लोक इसार देतात, पेढे वाटतात आणि मग कागद घेऊन येतात. तोपर्यंत हात अडकलेला असतो.

शेतजमीन असेल तर वकील नुसता चालू सातबारा बघत नाही. जुने सातबारे, आठ अ (खात्याचा उतारा) आणि एकेक फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याची नोंद, मागे मागे तपासत जातो. साधारण तीस वर्षांचा शोध घेण्याची पद्धत आहे, म्हणजे ज्याला आपण सर्च रिपोर्ट म्हणतो तो. त्यात सामान्य माणसाच्या नजरेतून सुटणाऱ्या गोष्टी सापडतात. सातबाऱ्याच्या ‘इतर अधिकार’ रकान्यात बारीक अक्षरांत ‘कूळकायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे कुळाला मिळालेल्या त्या जमिनीच्या विक्रीवर बंधन असतं. जमीन भोगवटादार वर्ग २ ची असते, म्हणजे काही अटींवर सरकारकडून मिळालेली, आणि परवानगीशिवाय विकता येत नाही. सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा असतो. आदिवासी खातेदाराची जमीन असेल तर बिगरआदिवासीला ती घेण्यावर कडक निर्बंध आहेत. आणि घेणारा स्वतः शेतकरी नसेल तर कूळकायद्याप्रमाणे परवानगीशिवाय त्याला शेतजमीन घेताच येत नाही. नोकरीनिमित्त शहरात वाढलेल्या कितीतरी जणांना हे इसार गेल्यावर कळतं.

बऱ्याचदा वकील वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देऊन हरकती मागवायला सांगतात. तो खर्च टाळू नका. विकणाऱ्याची न विचारलेली बहीण किंवा जुना साठेखतधारक तिथेच पुढे येतो.

फ्लॅटच्या बाबतीत: प्रकल्प महारेरात, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणात, नोंदलेला आहे का ते तुम्ही स्वतः पाहू शकता. रेरा कायद्याच्या कलम १३ प्रमाणे नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डर किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही. करार मात्र जाडजूड असतो आणि लोक तो नोंदणी कार्यालयाच्या बाकावर बसून पहिल्यांदा उघडतात. मसुदा आठ दिवस आधी मागा आणि वकिलाला वाचायला द्या. ताबा कधी, उशीर झाला तर काय, पार्किंग कोणतं, सोसायटीच्या नावे अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स) कधी, एवढ्या चार जागा तरी त्याच्याकडून समजून घ्या.

पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून दोन गुंठे घेतले. आता जमीन माझी ना?

नाही. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मिळकतीची खरेदी दुय्यम निबंधकाकडे नोंदवावीच लागते. नोटरीने सही तुमचीच आहे एवढं पाहिलेलं असतं, त्याने मालकी मिळत नाही. नुसत्या कुलमुखत्यारपत्रावर किंवा साठेखतावर झालेल्या ‘विक्री’नेही मालकी जात नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०११ साली सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केलं आहे. शहरांच्या कडेला अशा कागदांवर आयुष्याची कमाई गुंतवलेली कुटुंबं पाहिली की फार वाईट वाटतं, कारण हा प्रश्न व्यवहाराआधी कोणत्याही वकिलाने एका वाक्यात सोडवला असता. तुमचा व्यवहार आधीच झाला असेल तर तेच कागद घेऊन जा. विकणारा हयात असेतो आणि मुदत शिल्लक असेतो काही वाटा उघड्या असू शकतात.

सातबाऱ्यावर नाव आहे. तेवढं पुरत नाही?

सातबारा हा महसुली अभिलेख आहे. त्यातली नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. पण नोंदीने मालकी निर्माण होत नाही आणि नोंद नसल्याने ती संपत नाही. मालकी खरेदीखत, वाटणी, वारसा, मृत्युपत्र, बक्षीसपत्र यांतून येते. फेरफाराची नोटीस आली तर मात्र ती बाजूला ठेवू नका. हरकतीसाठी पंधरा दिवस असतात. ते गेले तर प्रांताधिकाऱ्यांकडे अपील, आणि तिथून पुढे लांबचा रस्ता.

भाऊ म्हणतो, ‘वारस नोंदीसाठी फक्त एक सही कर.’ करू का?

कागद वाचल्याशिवाय नाही, आणि तुमच्या स्वतःच्या वकिलाला दाखवल्याशिवाय नाही. भावाने आणलेला वकील हा भावाचा वकील असतो.

या प्रश्नावर थोडं थांबून लिहावंसं वाटतं, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त हक्क इथे गेले आहेत. वडील गेल्यावर तेरावं होतं न होतं तोच बहिणींना तालुक्याला बोलावलं जातं. सांगितलं जातं की वारस नोंद करायची आहे. प्रत्यक्षात समोर हक्कसोडपत्र असतं. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. वारस नोंदीत तुमचं नाव लागतं, हक्कसोडपत्राने तुमचा हिस्सा जातो. नोंदवलेलं हक्कसोडपत्र नंतर ‘मला ठाऊक नव्हतं’ एवढ्या म्हणण्यावर रद्द होत नाही. फसवणूक किंवा दबाव पुराव्याने सिद्ध करावा लागतो, आणि फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांत दावा लावावा लागतो. वाटणीपत्र असेल तर त्यातही तुमच्या वाट्याला काय आलं आहे ते गटनंबरासह पाहा.

कायदा काय म्हणतो तेही ऐका. वडिलांनी स्वतः कमावलेली मिळकत आणि मृत्युपत्र नसेल, तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मुलगी १९५६ पासून मुलाइतकीच वारस आहे. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना हिस्सा दिला, पण त्याआधी लग्न झालेल्यांना त्यातून वगळलं. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने तो भेदही गेला. मुलगी जन्मानेच सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीतली हिस्सेदार, आहे, आणि त्या तारखेला वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सुप्रीम कोर्टाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात ठरवलं. २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकमाने झालेल्या वाटण्या मात्र कायम राहतात.

आता कोणी म्हणेल, मला भावाकडून काही नको, माहेर तुटायला नको. तो तुमचा निर्णय आहे आणि त्याचा मान राखलाच पाहिजे. पण काय सोडत आहात हे समजून सोडा. पुष्कळदा मधला मार्ग निघतो: थोडी जमीन, काही रक्कम, किंवा आईच्या हयातीपर्यंत तिच्या नावाने हिस्सा. असा मार्ग सुचवायला घराबाहेरचं, कागद समजणारं माणूस लागतं. साध्या अर्जावर किंवा तलाठ्यापुढच्या जबाबावर आधीच सही झाली असेल तरी लगेच धीर सोडू नका. नोंदणी न झालेल्या अशा कागदाने हिस्सा सहसा संपत नाही. फेरफार मात्र होऊन बसतो, आणि तो दुरुस्त करून घ्यावा लागतो.

आम्ही घर मुलाच्या नावे बक्षीसपत्र करून देणार आहोत. त्यात वकिलाचं काय काम?

एका अटीचं. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यातलं कलम २३ सांगतं की सांभाळ करण्याच्या अटीवर मिळकत दिली आणि सांभाळ केला नाही, तर ते हस्तांतरण रद्द ठरवता येतं. ही अट दस्तात लिहिलेली नसेल तर नंतर फार झगडावं लागतं. दस्त लिहिणाऱ्याकडच्या छापील मसुद्यात ती बहुधा नसते. त्याहून आधीचा प्रश्न हा की बक्षीसपत्रच करायचं का? मृत्युपत्र केलं तर घर तुमच्या हयातीपर्यंत तुमच्याच नावावर राहतं आणि मन बदललं तर तेही बदलता येतं. मृत्युपत्राला नोंदणीची सक्ती नाही, दोन साक्षीदार मात्र हवेतच, आणि ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नका.

घर भाड्याने देताना अकरा महिन्यांचा तयार करार चालत नाही का?

साध्या व्यवहारात चालतो, पण नोंदवलेला हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदवला नाही तर वाद झाल्यावर अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जातं. दुकानगाळा, मोठी अनामत किंवा जुनी पागडी असेल तर वकिलाकडे जाच.

वकिलाची नोटीस आली आहे. उत्तर नाही दिलं तर?

नोटीस म्हणजे कोर्टाचा हुकूम नाही, तेव्हा घाबरू नका. पण गप्प बसलात तर पुढे कोर्टात ‘त्यांनी हे नाकारलंच नव्हतं’ असा युक्तिवाद होतो. लिफाफा जपून ठेवा, त्यावर मिळाल्याची तारीख लिहा आणि त्या आठवड्यातच वकील गाठा. रागाच्या भरात नोटीस पाठवणाऱ्याला स्वतः फोन करू नका, व्हॉट्सॲपवर लांबलचक संदेश तर मुळीच नको. त्यातलं एखादं वाक्य पुढे कबुली म्हणून वाचलं जातं.

कोर्टाचं समन्स आलं तर? घेतलंच नाही तर चालेल?

चालणार नाही. नाकारलेलं समन्स बजावलं गेलं असं धरता येतं आणि दावा एकतर्फी पुढे जातो. दिवाणी दाव्यात कैफियत, म्हणजे तुमचं लेखी म्हणणं, समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत द्यायची असते. कोर्ट कारणं नोंदवून नव्वद दिवसांपर्यंत वेळ देऊ शकतं. मनाई हुकमाचा अर्ज असेल तर त्यावर काही दिवसांतच सुनावणी होते. एकतर्फी निकाल लागल्याचं कळलं तर तो रद्द करून घेण्याच्या अर्जाला तीसच दिवस आहेत, म्हणून त्याच दिवशी निघा.

शेजारी आपल्यावर बांधाच्या भांडणात दावा लावणार अशी कुणकुण असेल तर वकिलाला कॅव्हेटबद्दल, म्हणजे ‘मला ऐकल्याशिवाय हुकूम करू नका’ अशा कोर्टात आधीच दिलेल्या अर्जाबद्दल, विचारा. कॅव्हेट नव्वद दिवस टिकते, आणि तेवढ्यात तुम्हाला न कळवता, न ऐकता तुमच्याविरुद्ध हुकूम होणं टळतं.

चेक परत आला. किती दिवस थांबू?

थांबू नका. हे प्रकरण सगळं तारखांवर उभं असतं. बँकेकडून चेक न वटल्याचं कळल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस गेली पाहिजे. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला पैसे द्यायला पंधरा दिवस. तरीही दिले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात मॅजिस्ट्रेट कोर्टात तक्रार. तक्रारीला झालेला उशीर सबळ कारण असेल तर कोर्ट माफ करू शकतं, पण नोटिशीचे तीस दिवस चुकले की चेकच्या कायद्यातल्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) कलम १३८ चा तो रस्ता बंद. मग उरतो साधा वसुलीचा दावा. बँकेचा मेमो हातात पडला की त्याच आठवड्यात वकिलाकडे जा.

रस्त्यासाठी जमीन गेली. मोबदल्याचा चेक घेऊ की आधी वकिलाला विचारू?

आधी विचारा. २०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली मोबदला कमी वाटत असेल तर रक्कम हरकत राखून घ्यावी लागते, म्हणजे तसं लेखी नोंदवून. मुकाट्याने घेतली तर वाढीव मोबदला मागायचा हक्क जातो. निवाड्याच्या, म्हणजे मोबदला ठरवणाऱ्या आदेशाच्या, वेळी तुम्ही हजर असाल तर वाढीव मागणीचा अर्ज सहा आठवड्यांत द्यायचा असतो. राष्ट्रीय महामार्गासाठी संपादन असेल तर प्रकरण लवादाकडे जातं, ती वाट वेगळी. संमतीपत्र आणि थेट खरेदीचा प्रस्ताव आला असेल तर सही करण्याआधी दाखवा. गावात सगळे करत आहेत म्हणून आपणही केली, असं सांगत नंतर येणाऱ्यांसाठी फारसं काही करता येत नाही.

पोलिसांनी ‘जरा ठाण्यात येऊन जा’ म्हणून फोन केला. वकील घेऊन जाणं म्हणजे गुन्हा कबूल करणं नाही का?

अजिबात नाही. अटक झालेल्या माणसाला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ ने दिला आहे. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही, हे अनुच्छेद २० सांगतो.

आधी विचारा: मला साक्षीदार म्हणून बोलावलं आहे की संशयित म्हणून? लेखी नोटीस मागा. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आहे, त्यामुळे जुने कलमांचे आकडे बदलले. तात्काळ अटकेची गरज नसेल तेव्हा पोलीस कलम ३५ खाली हजर राहण्याची नोटीस देतात. ती मिळाली तर टाळू नका, वकिलाला दाखवून वेळेवर हजर व्हा. नोटिशीचं पालन करणाऱ्याला, कारणं लेखी नोंदवल्याशिवाय, अटक करता येत नाही. साक्षीदार म्हणून जबाब द्यायचा असेल तर महिलांना, पंधरा वर्षांखालच्या मुलांना आणि साठीपुढच्या व्यक्तींना त्यांच्या राहत्या ठिकाणाखेरीज दुसरीकडे बोलावता येत नाही. आणि तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही घ्यायची नसते. कोऱ्या कागदावर तर कधीच सही करू नका.

अटक झालीच तर कारणं सांगितली पाहिजेत. ती लेखी आणि त्या माणसाला समजेल अशा भाषेत दिली पाहिजेत, असं सुप्रीम कोर्टाने २०२५ साली महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सांगितलं. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं लागतं. चौकशीच्या वेळी वकिलाला भेटता येतं, जरी तो सगळा वेळ शेजारी बसून राहू शकत नसला तरी. अटकेची भीती खरी असेल तर अटकपूर्व जामिनासाठी सत्र न्यायालयात किंवा उच्च न्यायालयात जाता येतं, पण अटक झाल्यावर तो दरवाजा बंद होतो. म्हणून घरच्यांना माझी एकच विनंती: रात्रभर पुढाऱ्यांना फोन लावत बसण्याआधी पहिला फोन वकिलाला करा.

व्हिडिओ कॉलवर ‘सीबीआय अधिकारी’ म्हणतो की मी डिजिटल अरेस्टमध्ये आहे.

कायद्यात असा प्रकार नाही. फोन ठेवा, एक रुपयाही पाठवू नका. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवा, त्यात मिनिटामिनिटाला किंमत आहे. वकील त्यानंतर.

कंपनी म्हणते, ‘स्वतःहून राजीनामा लिहून द्या.’

त्या खुर्चीत बसून लिहू नका. राजीनामा दिला की तुम्ही स्वेच्छेने नोकरी सोडली असा अर्थ होतो, आणि दबाव होता हे नंतर तुम्हाला सिद्ध करावं लागतं. एक दिवसाचा वेळ मागा, नेमणूकपत्र आणि पगाराच्या पावत्या घेऊन कामगार कायद्याचं काम करणाऱ्या वकिलाला भेटा.

कुठे वकील लागतच नाही?

पुष्कळ ठिकाणी. माहितीचा अधिकार, पोलिसांत फिर्याद (तिची प्रत तुम्हाला मोफत मिळते), वारस नोंदीचा साधा अर्ज. ग्राहक आयोगात स्वतः तक्रार चालवता येते. वस्तू किंवा सेवेसाठी दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही, मुदत दोन वर्षं. समोर विमा कंपनी किंवा मोठा बिल्डर असेल तर निदान तक्रारीचा मसुदा वकिलाकडून तपासून घ्या. घरगुती हिंसाचाराच्या प्रकरणात संरक्षण अधिकाऱ्यामार्फत अर्ज करता येतो. लोकअदालतीतही वकिलाची सक्ती नाही, पण तिथल्या तडजोडीविरुद्ध अपील नसतं. सही करण्याआधी कोणाला तरी विचाराच.

फी देण्याची ऐपत नाही.

तरी वकील मिळतो, आणि हे फार थोड्यांना ठाऊक आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ प्रमाणे महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार, आपत्तिग्रस्त आणि कोठडीत असलेली व्यक्ती यांना मोफत वकील मिळतो. यांना उत्पन्नाची अट नाही. म्हणजे नोकरी करणाऱ्या बाईलाही हा हक्क आहे. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख रुपये आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं आणि तालुका कोर्टात तालुका विधी सेवा समितीचं कार्यालय असतं. साध्या कागदावर अर्ज चालतो. फोनवर विचारायचं असेल तर १५१००. ‘फुकटचा वकील लक्ष देणार नाही’ असं मनात धरू नका. त्या वकिलालाही त्याच सनदेचे आणि शिस्तीचे नियम लागू आहेत. तो लक्ष देत नसेल तर प्राधिकरणाकडे वकील बदलून मागता येतो.

फी कशी ठरवायची?

पहिल्याच भेटीत, मोकळेपणाने. सल्ल्याचे किती, नोटिशीचे किती, दाव्याचे एकूण किती, टायपिंग आणि कोर्ट फी वेगळी का, तारखेगणिक घेणार का, हे विचारण्यात कमीपणा नाही. पावती मागा. ‘जिंकलो तर इतके टक्के’ असा करार वकिलांना करता येत नाही, बार कौन्सिलच्या नियमांनी त्याला बंदी आहे. समाजमाध्यमांवर ‘शंभर टक्के जामीन’ अशी जाहिरात दिसली तर दूर राहा. वकिलांना काम मिळवण्यासाठी जाहिरातच करता येत नाही, आणि निकालाची हमी तर कोणीच देऊ शकत नाही.

पहिल्या भेटीला काय न्यायचं?

मूळ कागद आणि त्यांच्या प्रती, नोटीस असेल तर तिचा लिफाफा, बँकेचा उतारा, फोनमधले संदेश न पुसता. एका पानावर तारखांचा क्रम लिहून न्या: कधी काय झालं. माणसं नात्यांची हकीकत तासभर सांगतात आणि तारीख विचारली की अडखळतात. त्या एका पानाने अर्धी भेट वाचते. मूळ कागद ठेवून आलात तर पोच घ्या.

वकिलाला सगळं खरं सांगितलं आणि त्यानेच बाहेर सांगितलं तर?

तुमच्या संमतीशिवाय त्याला ते सांगता येत नाही. भारतीय साक्ष अधिनियम २०२३ ने हे संरक्षण दिलं आहे आणि वकीलपत्र संपल्यावरही ते टिकतं. फक्त पुढे गुन्हा करण्यासाठी सल्ला मागितला तर संरक्षण नाही. म्हणून अडचणीची गोष्टच आधी सांगा: रोख घेतलेली रक्कम, जुनी सही, आधी हरलेला दावा. ती समोरच्याच्या वकिलाला माहीत असते आणि उलटतपासणीत बाहेर येतेच.

इंटरनेटवरचा नमुना किंवा एआयने लिहिलेली नोटीस चालेल?

विषय समजून घ्यायला, प्रश्न काढायला जरूर वापरा. पण परराज्याचा मुद्रांक दर, बदललेली कलमं, अस्तित्वात नसलेले निकाल अशा मसुद्यांत सर्रास सापडतात. सही तुमची असते आणि परिणामही तुम्हीच भोगता.

वकील पटत नाही. बदलू शकतो का? त्याने कागद अडवले तर?

बदलता येतो. आधीच्या वकिलाची ना हरकत घेण्याची रीत आहे, तो देत नसेल तर कोर्टाची परवानगी मिळते. फी थकली म्हणून पक्षकाराचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, हे सुप्रीम कोर्टाने २००० साली स्पष्ट केलं. प्रकरणाचा सोळा अक्षर-अंकी सीएनआर क्रमांक तुमच्याकडे ठेवा. ईकोर्ट्सच्या ॲपवर पुढची तारीख आणि झालेले हुकूम तुम्हालाच दिसतात. गंभीर गैरवर्तन असेल तर बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे तक्रार करता येते. ग्राहक आयोगात मात्र वकिलाविरुद्ध सेवेतल्या त्रुटीची तक्रार चालत नाही, असं मे २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ठरवलं.

मी परदेशात आहे आणि गावच्या जमिनीचं काम आहे. चुलत्यांना कुलमुखत्यारपत्र पाठवू?

पाठवा, पण सगळे अधिकार एकदम देऊ नका. नुसती मोजणी आणि वारस नोंद करायची असेल तर तेवढंच लिहा. विकण्याचा, गहाण ठेवण्याचा आणि मोबदला स्वीकारण्याचा अधिकार हवा तेव्हाच द्या, आणि तोही विशिष्ट गटनंबरापुरता. मसुदा इथल्या वकिलाकडून करून घ्या, सही तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करा. कागद भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. पोहोचल्याची तारीख दाखवणारा कुरिअरचा लिफाफा चुलत्यांना जपून ठेवायला सांगा.